वाकोल्यातलं केंद्र: हमसफर ट्रस्टचा इतिहास आणि तिथे नेमकं काय काम चालतं

खारदांडेकर

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वर गेल्या महिन्यात धागा निघाला होता, त्यावर दोन-तीन जणांनी लिहिलं होतं की आपल्याकडे समलिंगी लोकांच्या संस्था, मोर्चे, केंद्रं हे सगळं २०१८ च्या निकालानंतर आलं. तिथे उत्तर दिलं असतं तर धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढतोय. मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला, वाकोला मार्केटला लागून, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर हमसफर ट्रस्टचं असं केंद्र सुरू झालं. तेव्हा कलम ३७७ पूर्ण लागू होतं आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद होती. तरीही जागा दिली ती मुंबई महानगरपालिकेने, नेहरू रोडवरच्या आपल्या जुन्या इमारतीत. एकीकडे पोलीस याच लोकांना बागेतून उचलत होते आणि दुसरीकडे पालिका त्यांना भेटायला खोली देत होती. या शहराच्या इतिहासातली ही मोठी गोष्ट आहे असं मला वाटतं, आणि मराठीत ती तुकड्यातुकड्यानेच सापडते.

आधीची परिस्थिती थोडी सांगतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबईत समलिंगी पुरुषांना भेटायच्या जागा दोन तऱ्हेच्या होत्या. एक रस्त्यावरच्या: गेटवेजवळची समुद्रकाठची भिंत, माटुंग्याचं महेश्वरी उद्यान, लोकलचे ठरावीक डबे, स्टेशनांवरची स्वच्छतागृहं. तिथे कुणीही येऊ शकत होतं, पण पोलीस आणि खंडणीवाले दोघंही तिथेच टपलेले असत. घरी कळवीन एवढी धमकी पुरायची, माणूस घड्याळ, पाकीट, पगार सगळं काढून द्यायचा. दुसऱ्या जागा म्हणजे कुणाच्या तरी फ्लॅटमधल्या पार्ट्या, नाहीतर कुलाब्यातल्या व्हूडू पबमधली शनिवारची रात्र. तिथे भीती कमी, पण इंग्रजी येत असेल, खिशात पैसे असतील आणि कुणाची ओळख असेल तरच. गिरणगावातल्या, भांडुपच्या, नालासोपाऱ्याच्या मुलाला तिथे दार उघडं नव्हतं.

पत्रकार अशोक राव कवी १९८६ साली 'सॅव्ही' मासिकातल्या मुलाखतीत आपण समलिंगी आहोत असं नावानिशी, उघडपणे बोलले. १९९० मध्ये त्यांनी 'बॉम्बे दोस्त' सुरू केलं. मुख्यतः इंग्रजी, थोडी हिंदी पानं. पण खरं काम झालं ते त्याला येणाऱ्या पत्रांमुळे. लहान लहान गावांतून माणसं लिहायला लागली आणि आपल्यासारखे किती जण आहेत याचा पहिल्यांदा अंदाज आला. पत्रांना उत्तरं देता देता लक्षात आलं की यांना नुसतं मासिक पुरणार नाही. १९९४ मध्ये अशोक राव कवी, सुहेल अब्बासी आणि श्रीधर रंगायन यांनी हमसफर ट्रस्टची नोंदणी केली.

त्याच वर्षी डिसेंबरात जुहूच्या एसएनडीटी विद्यापीठात दक्षिण आशियातल्या समलिंगी पुरुषांची परिषद भरली. ती थांबवा अशी मागणी पंतप्रधान नरसिंह राव यांच्याकडे झाली होती. मागणी करणाऱ्या विमला फारुकी कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेल्या महिला फेडरेशनच्या नेत्या होत्या. विरोध फक्त धर्मवाद्यांचा होता असं आज अनेकांना वाटतं, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. परिषद मात्र झाली.

पालिकेने जागा का दिली? एचआयव्हीमुळे. १९८६ मध्ये चेन्नईत पहिले रुग्ण सापडले आणि पुढच्या काही वर्षांत मुंबईची सरकारी इस्पितळं या आजाराशी झगडू लागली. ज्या पुरुषांचे पुरुषांशी संबंध आहेत त्यांना सरकारी दवाखान्यात जाऊन खरं सांगणं शक्य नव्हतं. त्यांच्यापर्यंत जाऊ शकेल असं कुणीतरी हवं होतं. १९९८ मध्ये मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था झाली, त्यानंतर हमसफरच्या रस्त्यावरच्या कामाला नियमित सरकारी निधी मिळू लागला. शीव रुग्णालयातल्या डॉक्टरांबरोबर गुप्तरोगांवर काम उभं राहिलं. समाजातलेच लोक आउटरीच वर्कर झाले. कंडोम आणि माहिती घेऊन ते त्याच बागांमध्ये, त्याच स्टेशनांवर जाऊ लागले जिथे आधी लपून जावं लागायचं. पोलीस कंडोम हाच पुरावा मानून त्यांनाच पकडायचे, म्हणून ओळखपत्रं काढावी लागली.

पण माझ्या मते वाकोल्याचं महत्त्व तपासणीच्याही आधीचं आहे. शुक्रवारी संध्याकाळी तिथे बैठक असे. विषय आरोग्याचा, पण येणाऱ्याला आरोग्याबद्दल काही विचारायचं नसलं तरी चालायचं. काही विकत घ्यायचं नाही, कुणाशी काही करायचं नाही, नाव खरं सांगायचंही बंधन नाही. नुसतं बसायचं. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा जणांत वाढलेल्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा आपलं बोलणं न लपवता बसता येईल अशी जागा, तीही रेल्वेच्या पासात पोचता येईल अशी. हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल.

कायद्याचा भाग बहुतेकांना माहीत आहे: २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञानांचे संमतीचे संबंध ३७७ मधून वगळले, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, ६ सप्टेंबर २०१८ ला घटनापीठाने मोकळं केलं. २०१८ च्या याचिकाकर्त्यांत हमसफर आणि अशोक राव कवी दोघंही होते. आणि मुंबईतली पहिली क्वीअर आझादी पदयात्रा १६ ऑगस्ट २००८ ला ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीपर्यंत निघाली, म्हणजे दिल्लीच्या निकालाच्याही आधी.

तिथे गेलेल्या, काम केलेल्या कुणी असेल तर लिहा. वेगळं मत असेल तर तेही लिहा.


अनय_ठाणे

दादा, धाग्याबद्दल खूप आभार. मी चोवीस वर्षांचा आहे, घरी कुणालाच माहीत नाही. अशा केंद्रात गेलं तर प्रत्यक्षात काय होतं? आधार कार्ड मागतात का? घरी फोन किंवा पत्र येतं का? एचआयव्हीची तपासणी करून घ्यायची आहे पण आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे जाणं शक्य नाही, ते बाबांचे मित्र आहेत.


खारदांडेकर

अनय, सविस्तर सांगतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उपयोग होईल.

तपासणीला गेलास की आधी समुपदेशक तुझ्याशी एकट्याशी बोलतात. काय विचारलं तर दचकू नकोस: संबंध कुणाशी, कंडोम वापरला होता का, शेवटचा संबंध कधी. हे चौकशीसाठी नसतं, तपासणी केव्हा करावी हे त्यावर ठरतं. संसर्ग अगदी ताजा असेल तर रक्तात लगेच दिसत नाही, मग काही आठवड्यांनी परत बोलावतात. नंतर रक्त घेतात. निकाल सांगतानाही समुपदेशक समोर असतात, निगेटिव्ह आला तरी.

तुझी संमती असल्याशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल घरच्यांना सांगता येत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे घरी पत्र वगैरे येण्याचा प्रश्न नाही. फोन नंबर मागितला तर तुझा स्वतःचा दे आणि "फोन करू नका, मीच येईन" असं सांगून ठेव. पॉझिटिव्ह आलाच तर सरकारी एआरटी (म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) केंद्रात पाठवतात, औषध फुकट मिळतं. १ एप्रिल २००४ पासून देशातल्या आठ इस्पितळांत ते सुरू झालं, त्यात आपलं जे. जे. होतं. आज औषध वेळेवर घेणारा माणूस नोकरी करतो, म्हातारा होतो.

अजून एक, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा: धोका झाला असं वाटलं तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात जाऊन पीईपी, म्हणजे संसर्ग टाळण्यासाठीच्या गोळ्या, मागायच्या. जितक्या लवकर तितकं चांगलं. सोमवार उजाडायची वाट पाहू नका.

बाकी तपासणी नको असेल तरी जाता येतं. तरुणांसाठी 'यारियां' नावाचा गट आहे, बायकांसाठी आणि ट्रान्स लोकांसाठी 'उमंग'. समुपदेशन, कायद्याचा सल्ला, पोलिसांनी किंवा ब्लॅकमेल करणाऱ्याने त्रास दिला तर मदत, हेही तिथलं रोजचं काम आहे. डेटिंग ॲपवरून बोलावून लुटण्याचे प्रकार हल्ली फार वाढलेत. तसं काही झालं तर पैसे देऊन गप्प बसू नकोस, लगेच कुणाला तरी सांग.


नीलाक्षी

धागा चांगला आहे, पण एक बाजू राहिली आहे.

वरच्या पूर्ण लेखात बाई कुठे आहे? "समलिंगी लोकांचं केंद्र" म्हणताना ते फार वर्षं समलिंगी पुरुषांचं केंद्र होतं. हा हमसफरवर राग नाही. पैसा एचआयव्हीसाठी आला, एचआयव्हीच्या हिशेबात समलिंगी बाई 'जोखमीचा गट' नव्हती, मग तिच्यासाठी खोली, खुर्ची, समुपदेशक यांचा खर्च कोणत्या रकान्यात दाखवणार? मुंबईत १९९५ साली 'स्त्री संगम' सुरू झालं, पुढे त्याचं नाव 'लाबिया' झालं. ते एचआयव्हीच्या निधीवर चाललं नाही. बायकांनी आपल्या पगारातून, आपल्या घरांतून चालवलं.

बायकांच्या गरजा मुळातच वेगळ्या होत्या आणि आहेत. ज्या मुलीला सातच्या आत घरी यायचं असतं तिला शुक्रवारची संध्याकाळची बैठक काय कामाची? तिचा प्रश्न असा असतो: घरच्यांनी कळल्यावर फोन काढून घेतला, खोलीत डांबलं, आता आठवड्याभरात मुलगा बघायला येतोय. दोन मुली पळून जातात आणि आईबाप पोलिसांत तक्रार देतात, "आमची मुलगी पळवली". दोघी सज्ञान असल्या तरी पोलीस एकीला घरी पोचवायच्या मागे लागतात. अशा वेळी रात्री अकराला कुणाच्या घरी त्यांना ठेवायचं, वकील कोण, स्टेशनात बरोबर कोण जाणार, हे बघावं लागतं. आमच्या ओळखीच्या बायकांनी अशा मुलींना आपल्या घरात आठवडेच्या आठवडे ठेवलंय, सोसायटीला "भाची आलीय" सांगून. याला कुठे बोर्ड नसतो, अहवाल नसतो. पण सेवा कुणी दिली असं विचाराल तर हीसुद्धा आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की शहरातल्या केंद्राचा इतिहास लिहिताना फक्त पत्ता असलेल्या जागा मोजू नका.


खारदांडेकर

नीलाक्षीताई, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. मला वाकोल्याबद्दलच लिहायचं होतं, पण चित्र त्याने पूर्ण होत नाही हे खरं. स्त्री संगमबद्दल तुम्ही वेगळा धागा काढाल का? पहिल्या पिढीतल्या बायका आज साठीच्या आसपास असतील. त्यांच्या तोंडून ऐकून ठेवलं पाहिजे.


सुनंदा_नाशिक

मी इथे नेहमी फक्त वाचते. आज लिहिते आहे. माझा मुलगा बावीस वर्षांचा. दिवाळीत त्याने मला सांगितलं. त्याच्या बाबांना अजून सांगितलेलं नाही. मी त्याला एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि "लग्न लावून द्या, सगळं बरं होईल" म्हणाले. मुलगा तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही. आईवडिलांना बोलायला कुठे जागा आहे का?


डॉ_मुक्ता

सुनंदाताई, आधी एक सांगते. त्या गोळ्या तशाच चालू ठेवू नका आणि मनाने अचानक बंदही करू नका. दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून त्यांच्या सल्ल्याने ठरवा. समलिंगी असणं हा आजार नाही हे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये जाहीर केलंय. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तर बदलण्याचे 'उपचार' करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. म्हणजे आज कुणी डॉक्टर असं करत असेल तर तक्रार करता येते. आणि लग्नाने काही "बरं" होत नाही. दुसऱ्या घरातल्या एका मुलीचं आयुष्य तेवढं त्यात अडकतं.

आईवडिलांसाठी मुंबईत 'स्वीकार' नावाचा पालकांचा गट आहे, २०१७ पासून. सगळे तुमच्यासारखेच आईबाबा, त्यांत मराठी घरंही आहेत. २०२३ मध्ये समलिंगी विवाहाची सुनावणी चालू होती तेव्हा याच गटाने, चारशेहून जास्त पालकांच्या वतीने, सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. आपल्या मुलांची लग्नं कायद्याने मान्य झालेली आम्हाला आमच्या हयातीत बघायची आहेत, अशा आशयाचं. मी ते पत्र माझ्याकडे आलेल्या अनेक आईवडिलांना वाचायला दिलंय.

तुमच्या मुलाने बाबांना सोडून आधी तुम्हाला सांगितलं, यातच तुमच्यावरचा विश्वास दिसतो. त्याला आज एवढंच म्हणा की डॉक्टरांकडे नेलं ते मला कळत नव्हतं म्हणून, आता मी शिकतेय.


दिनकर_सोलापूर

मी जरा वेगळं विचारतो, कुणाला दुखवायचा हेतू नाही. आता कलम गेलं. सरकारी रुग्णालयात तपासणी फुकट आहे. मोबाइलवर माणसं भेटतात. मग वेगळं केंद्र कशाला हवं? वेगळं काढल्याने वेगळेपण वाढत नाही का?


खारदांडेकर

दिनकरराव, प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर देतो.

सरकारी केसपेपर काढताना पहिला प्रश्न "लग्न झालंय का?" दुसरा "बायकोला आणलंय का?" आणि मागे रांगेत वीस माणसं ऐकत असतात. गुदद्वाराजवळ फोड आला असेल तर तो दाखवायची हिंमत होत नाही, माणूस मेडिकलमधून मलम घेतो आणि आजार वाढवतो. जिथे समोरचा माणूस न दचकता ऐकतो तिथे तो खरं सांगतो आणि उपचार बरोबर होतो. केंद्राचा वैद्यकीय फायदा इतका साधा आहे. सरकारी यंत्रणेनेच असे ड्रॉप-इन सेंटर चालवायला पैसे दिले ते यामुळेच.

मोबाइलचं म्हणाल तर मोबाइलवर भेट होते, ओळखही होते. पण रात्री दोन वाजता घरातून हाकलून दिलेल्या मुलाला ॲप झोपायला जागा देत नाही. मग वकील, खोली, नोकरी, पोलीस स्टेशन, डॉक्टर या सगळ्यांची नावं माहीत असलेलं कुणीतरी लागतं, आणि तो माणूस कुठे बसतो हे ठाऊक असावं लागतं.

कलम गेलं म्हणजे गुन्हा गेला. हक्क आपोआप आले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा हक्क दिला नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं की जोडप्याला एकत्र बँक खातं उघडायला, एकमेकांना नॉमिनी करायला काही आडकाठी नाही. पण ते परिपत्रक शाखेतल्या कारकुनाला माहीत नसतं. त्याच्यासमोर ते ठेवायला, गरज पडली तर बरोबर यायला पुन्हा कुणीतरी लागतंच.


अबोली

माझंही थोडं. मी पारलिंगी (ट्रान्स) बाई आहे, मूळची कोकणातली, आता कल्याणला.

सुरुवातीच्या एचआयव्हीच्या कामात आम्हाला पुरुषांच्याच यादीत मोजायचे. साडी नेसून आलेल्या माणसाच्या फॉर्मवर 'एमएसएम', म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारा पुरुष, असं लिहायचे. ते टोचायचं, पण तेव्हा आम्हाला आत येऊ देणारी ठिकाणंही तेवढीच होती. तिथूनच आमच्यातल्या काही जणी शिकून बाहेर पडल्या. गौरी सावंत पुण्याच्या, घर सोडून मुंबईला आल्या, हमसफरच्या मदतीने उभ्या राहिल्या आणि २००० साली मालाडला त्यांनी 'सखी चार चौघी' काढली. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा तो मोठा निकाल लागला, ज्यात आम्हाला आमची ओळख स्वतः सांगायचा हक्क मान्य झाला, त्यातही त्या याचिकाकर्त्या होत्या. एका केंद्रातून दुसरं केंद्र निघतं ते असं.

आमच्याकडे घराण्याची रीत आहे, गुरू-चेला. घराने टाकलेल्या मुलीला गुरूने छप्पर दिलं, हे कुणी विसरू नये. पण त्यात बंधनं असतात, कमाई कशी करायची ते ठरलेलं असतं. बधाई (शुभकार्यात आशीर्वाद देऊन पैसे घेणं) नको, मंगती (मागून पैसे मिळवणं) नको, मला नर्सिंग शिकायचंय असं म्हणणाऱ्या मुलीने जायचं कुठे? त्यासाठी गरिमा गृह हवीत. केंद्र सरकारने देशभरात बारा ठिकाणी ती प्रायोगिक म्हणून सुरू केली, राहणं-जेवण आणि काहीतरी शिक्षण. सुरुवातीला बाराच, म्हणजे किती कमी, ते तुम्हीच बघा.

आज संस्थेत आमचं सगळ्यात जास्त काम कागदाचं असतं. ओळखीचं प्रमाणपत्र, मग राजपत्रात नावबदल, मग आधार, पॅन, मग दहावीची मार्कशीट. मार्कशीटपाशी गाडी अडते. शाळा म्हणते बोर्डात जा, बोर्ड म्हणतं शाळेचं पत्र आणा. कागदावर जुनं नाव आणि समोर मी, अशाने नोकरी कोण देणार? हे अर्ज भरून देणारी, बरोबर कलेक्टर ऑफिसला येणारी एक बाई संस्थेत असली की वर्षाचं काम महिन्यात होतं. भाषणांपेक्षा अशी एक बाई जास्त उपयोगाची.


एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो. इथल्या जगप्रसिद्ध केंद्राबद्दल थोडं लिहितो, तुलना म्हणून.

न्यूयॉर्कमध्ये पश्चिम तेराव्या रस्त्यावर २०८ क्रमांकाच्या इमारतीत १९८३ पासून एलजीबीटी केंद्र आहे, लोक नुसतं 'द सेंटर' म्हणतात. ही पूर्वी शाळा होती. शहराकडून १९८४ मध्ये ती पंधरा लाख डॉलरला विकत घेतली. एड्सची सगळ्यात भयंकर वर्षं तेव्हाच चालू होती. मार्च १९८७ मध्ये तिथल्याच एका सभेत लेखक लॅरी क्रेमर बोलले आणि काही दिवसांत 'ॲक्ट अप' ही संघटना उभी राहिली. तिने औषधं लवकर मिळावीत म्हणून अमेरिकन सरकारला आणि कंपन्यांना जेरीस आणलं. दुसऱ्या मजल्यावरच्या पुरुषांच्या स्वच्छतागृहात चित्रकार कीथ हेरिंगने १९८९ मध्ये काढलेलं भित्तिचित्र आजही जपून ठेवलंय. तो पुढच्याच वर्षी एड्सने गेला.

आपल्या लोकांशी याचा संबंध आहे. 'सालगा' हा दक्षिण आशियाई समलिंगी लोकांचा गट, त्याच्या मासिक बैठका याच इमारतीत होत. मॅनहॅटनमध्ये भारताच्या स्वातंत्र्यदिनाची मोठी परेड निघते, तिचे आयोजक नव्वदच्या दशकात सालगाला सामील करून घेत नव्हते. तिरंगा घेऊन चालायचं म्हटलं तरी नाही. मग हे लोक बाजूला उभे राहायचे. अशा दिवशी परत जायला एक इमारत होती.

न्यूयॉर्कवाल्यांची इमारत त्यांच्या मालकीची. वाकोल्याची पालिकेने दिलेली. मला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते, कारण तिथे सरकारी इमारतीच्या जिन्यावरून समलिंगी माणूस आपला हक्क म्हणून चढत होता.


हिशेबनीस

पैशाबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. बरीच वर्षं अशा संस्थांचे हिशेब बघितलेत.

निधी तीन ठिकाणांहून येतो: सरकारचा एचआयव्ही कार्यक्रम, परदेशी देणग्या, आणि अलीकडे कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठी बाजूला काढलेला पैसा. सरकारी पैसा टिकाऊ, पण ठरलेल्या कामालाच. किती लोकांना भेटलात, किती कंडोम वाटले, किती तपासण्या झाल्या. रडणाऱ्या मुलाशी समुपदेशक दोन तास बोलला तर तक्त्यात ती एकच भेट. शिवाय हप्ता लांबला की आउटरीच वर्करचं मानधन महिनोन्‌महिने अडकतं, आणि तो माणूस स्वतःच भाड्याच्या खोलीत राहणारा असतो.

परदेशी पैसा मोकळा, पण एका सहीने बंद होणारा. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवली तेव्हा ट्रान्स लोकांसाठीची मित्र क्लिनिक हैदराबाद, कल्याण आणि पुण्यात बंद पडली. हैदराबादचं २०२१ मध्ये सुरू झालेलं, देशातलं तसलं पहिलं. हार्मोनचे उपचार अर्ध्यात असलेल्या लोकांना रातोरात दुसरा डॉक्टर शोधावा लागला. अबोलीताई कल्याणच्या आहेत, त्यांना जास्त माहीत असेल.

या हिशेबात पालिकेच्या जागेचं मोल बघा. मुंबईत संस्थेचा सगळ्यात मोठा खर्च भाड्याचा, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे "तुमच्याकडे कसले लोक येतात" म्हणून मालक जागा देत नाही. ते ओझं डोक्यावरून उतरलं की उरलेला पैसा माणसांवर खर्च करता येतो. प्रत्येक महानगरपालिकेने एक खोली द्यावी, एवढी मागणी जरी आपण लावून धरली तरी खूप. पुणे, नाशिक, नागपूर, संभाजीनगर, सगळीकडे पालिकेच्या रिकाम्या खोल्या पडून आहेत.


अबोली

हो, आमच्या ओळखीच्या बऱ्याच जणी तिथे जायच्या. बंद झाल्यावर काहींनी मेडिकलमधून आपल्या मनाने हार्मोनच्या गोळ्या घ्यायला सुरुवात केली. रक्ताची तपासणी न करता त्या घेऊ नयेत, गुठळी होऊ शकते, यकृताला त्रास होतो. वाचणाऱ्यांत कुणी घेत असेल तर कृपा करून डॉक्टरांना दाखवा.


माणिक_लातूर

सगळं वाचलं. मुंबई-पुण्याचं ठीक आहे. लातूरला, उदगीरला राहणाऱ्याने काय करायचं? इथे कोण कुणाचा कोण हे सगळ्यांना माहीत असतं. सिव्हिलला गेलो तर ओळखीचं कुणीतरी भेटतंच.


खारदांडेकर

माणिक, तुमच्या प्रश्नाचं पूर्ण समाधान करणारं उत्तर कुणाकडेच नाही, पण काही वाटा आहेत.

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला. त्यांनी या विषयावर मराठीतून जेवढं लिहिलं आणि बोललं तेवढं क्वचितच कुणी केलं असेल. नागपूरला 'सारथी ट्रस्ट' आहे. सांगलीला मीना शेषू यांच्या 'संग्राम'च्या कामातून 'मुस्कान' हा पुरुष आणि ट्रान्स लोकांचा गट उभा राहिला, आणि तो निमशहरी भागातला असल्याने तुमच्या अडचणी त्यांना मुंबईवाल्यांपेक्षा जास्त कळतील. नुसतं बोलायचं असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही फोनवरची समुपदेशन सेवा आहे.

तपासणीसाठी आपल्याच सिव्हिलला जायचं बंधन नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही सरकारी रुग्णालयातल्या तपासणी केंद्रात जाता येतं, ते तुमच्या गावाचा दाखला मागत नाहीत. सोलापूर किंवा नांदेड तुम्हाला एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. पॉझिटिव्ह निघाला तरी एआरटी केंद्रही दुसऱ्या जिल्ह्यातलं निवडता येतं. मराठवाड्यातले कितीतरी लोक असंच करतात.

जायच्या आधी वेळ आणि वार फोनवर विचारून घ्या, कारण निधीप्रमाणे या गोष्टी बदलतात. आणि दिनकरराव सोलापूरचे आहेत. दिनकरराव, तिथल्या सिव्हिलमधल्या केंद्रात समुपदेशक कोणत्या वेळी असतात एवढं विचारून इथे लिहाल का?


दिनकर_सोलापूर

उद्या त्याच बाजूला काम आहे. विचारून लिहितो.